कॉम्प्युटर ‘स्लो’ झालाय म्हणजे नेमकं काय झालंय? टर्मिनलच्या कमांड वापरून कारण कसं शोधतात

“काका, सर्व्हर स्लो आहे, दुपारनंतर या.”

बारामती असो की इंदापूर, दाखला काढायला किंवा पीक विम्याचा अर्ज भरायला केंद्रावर गेलेल्या माणसाला हे वाक्य नवं नाही. निमगाव केतकीहून किंवा बावड्याहून इंदापूरला आलेल्या शेतकऱ्याचा त्यात अर्धा दिवस जातो. केंद्र चालवणारा खोटं बोलत असतो असंही नाही. त्याच्या स्क्रीनवर एक गोल चक्र फिरत असतं आणि ते चक्र नेमकं कशामुळे फिरतंय हे त्यालाही दिसत नाही.

याच बारामतीचं नाव २०२५ च्या सुरुवातीला वेगळ्याच कारणानं जगभर गेलं. इथल्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनं मायक्रोसॉफ्टच्या तंत्रज्ञानाच्या मदतीनं ऊसशेतीत एआय वापरायला सुरुवात केली होती. मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नडेला यांनी त्याबद्दलचा व्हिडिओ शेअर केला, त्यावर एलॉन मस्क यांनीही प्रतिक्रिया दिली आणि बारामतीचा ऊस सोशल मीडियावर गाजला. उपग्रहाची छायाचित्रं, जमिनीतले सेन्सर, हवामानाच्या नोंदी हे सगळं कुठल्या ना कुठल्या कॉम्प्युटरवर जाऊन पडतं, तिथे आकडेमोड होते आणि मग शेतकऱ्याच्या मोबाइलवर सल्ला येतो.

दाखल्याचं केंद्र असो की एआयचा प्रयोग, यंत्र हळू झालं की प्रश्न एकच असतो: अडलंय कुठे?

या प्रश्नाला आपल्याकडची ठरलेली उत्तरं म्हणजे ‘फॉरमॅट मारा’, ‘रॅम वाढवा’ आणि ‘नवीन मशीन घ्या’. तिन्हीला पैसे किंवा वेळ लागतो आणि तिन्ही उत्तरं अंदाजानं दिलेली असतात. ताप आलेल्या माणसाला न तपासता सलाइन लावण्यासारखाच हा प्रकार आहे. खरं तर कॉम्प्युटर स्वतःबद्दल बरंच काही सांगत असतो. ते वाचायची साधनं फुकट आहेत, बहुतेक लिनक्स मशीनवर आधीच असतात किंवा दोन मिनिटांत बसवता येतात, आणि ती चालतात टर्मिनल नावाच्या काळ्या खिडकीत.

एक सूचना आधीच: कमांड इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करायच्या असतात. इथे त्यांचे उच्चार दिले आहेत, आणि जिथे स्पेलिंगचा घोळ होऊ शकतो तिथे अक्षरं फोडून सांगितली आहेत.

आधी रांग बघा

कॉम्प्युटरमध्ये अडण्याच्या जागा मोजक्याच आहेत. प्रोसेसर, मेमरी म्हणजे रॅम, डिस्क आणि नेटवर्क. काम हळू होतंय म्हणजे या चारपैकी कुठेतरी रांग लागली आहे, किंवा प्रोग्रामच अशा पद्धतीनं लिहिला आहे की तो गरजेपेक्षा जास्त काम करतोय.

ब्रेंडन ग्रेग हे या विषयातलं जगभर ओळखलं जाणारं नाव. सन, जॉयंट, नेटफ्लिक्स अशा कंपन्यांत त्यांनी हेच काम केलं. त्यांची पद्धत सोपी आहे: प्रत्येक जागेबद्दल तीन प्रश्न विचारायचे. ती किती वेळ कामात आहे? तिच्यापुढे रांग किती आहे? तिथे काही चुका होतायत का? या पद्धतीबरोबर ग्रेग यांनी ‘काय करू नये’ याचीही यादी दिली आहे. अंदाजानं काहीतरी बदलत राहणं हा त्यातला एक प्रकार, आणि दुसऱ्यावर ढकलून मोकळं होणं हा दुसरा. ‘सर्व्हर डाऊन आहे’ हे पुष्कळदा दुसऱ्या प्रकारात बसतं.

पहिली कमांड अपटाइम. ती एकच ओळ दाखवते आणि त्या ओळीच्या शेवटी तीन आकडे असतात. त्यांना लोड अ‍ॅव्हरेज म्हणतात: गेल्या १ मिनिटाचा, ५ मिनिटांचा आणि १५ मिनिटांचा. हे समजायला साखर कारखान्याचा वजनकाटा डोळ्यांसमोर आणावा. गाळप हंगामात काट्यावर एक ट्रॅक्टर उभा असतो आणि मागे रांग असते. लोड म्हणजे काट्यावरचे आणि रांगेतले मिळून सगळे ट्रॅक्टर. प्रोसेसरचे कोअर म्हणजे काटे. ते किती आहेत हे एनप्रॉक ही कमांड सांगते. स्पेलिंग एन, पी, आर, ओ, सी. ४ कोअर आणि लोड ४, म्हणजे ढोबळमानानं प्रत्येक काट्यावर एक गाडी आणि मागे कोणी नाही. ४ कोअर आणि लोड १२, म्हणजे ८ गाड्या ताटकळतायत.

तिन्ही आकडे एकत्र वाचायचे. १२, ६, २ असं दिसलं तर त्रास आत्ताच सुरू झालाय आणि वाढतोय. २, ६, १२ दिसलं तर तुम्ही उशिरा आलात, गर्दी ओसरत चालली आहे.

इथे एक मेख आहे. लिनक्स या आकड्यात फक्त प्रोसेसरसाठी थांबलेली कामं मोजत नाही, डिस्कच्या उत्तराची वाट बघत अडकलेली कामंही मोजतो. १९९३ मध्ये झालेला हा बदल आजही कायम आहे. म्हणजे काटा मोकळा आहे, पण वजन झालेल्या गाड्या गव्हाणीपाशी खाली होण्यासाठी उभ्या आहेत, आणि आकडा त्यांनाही धरतो. त्यामुळे लोड १२ दिसला म्हणून लगेच मोठा प्रोसेसर घ्यायला धावू नये.

दुसरी कमांड डीमेसेज, स्पेलिंग डी, एम, ई, एस, जी. लिनक्सच्या गाभ्यानं लिहिलेल्या नोंदी ती दाखवते. बऱ्याच मशीनवर तिच्याआधी सुडो लावावं लागतं. शेवटच्या वीस-पंचवीस ओळी वाचल्या तरी पुरे. डिस्क वाचताना चुका येत असतील तर त्या इथे दिसतात. मेमरी संपल्यामुळे सिस्टिमनं एखादा प्रोग्राम मारून टाकला असेल तर तेही इथेच लिहिलेलं असतं. अनेकदा शोध इथेच संपतो, कारण मरायला टेकलेली हार्ड डिस्क हे ‘स्लो’ होण्याचं अगदी नेहमीचं कारण आहे. अशा वेळी पुढच्या कमांड बाजूला ठेवून आधी डेटाची कॉपी काढावी.

मेमरी ‘भरलेली’ दिसते, पण भरलेली असते का?

फ्री, मग एक जागा, मग हायफन एच. ही कमांड रॅमचा हिशेब देते आणि सर्वांत जास्त गैरसमज इथेच होतात. ८ जीबी रॅमच्या मशीनवर ‘फ्री’ या रकान्यात ३०० एमबी दिसतं आणि माणूस घाबरतो. खरं तर लिनक्स मोकळी रॅम वाया घालवत नाही. नुकत्याच वाचलेल्या फाइल तो तिथे ठेवून देतो, म्हणजे पुन्हा लागल्या तर डिस्कपर्यंत जायला नको. एखाद्या प्रोग्रामला जागा हवी असेल तर तो ती लगेच रिकामी करून देतो. म्हणून बघायचा रकाना ‘फ्री’ नव्हे, ‘अव्हेलेबल’. तो २०१४ मध्ये आलेल्या कर्नलच्या नोंदीवरून काढतात, म्हणून जुन्या लेखांत त्याचा उल्लेख सापडत नाही आणि जुने सल्ले अजून फिरत राहतात.

रॅम खरोखर कमी पडतेय का, हे व्हीएमस्टॅट सांगते. ‘व्हीएमस्टॅट १’ असं टाइप केलं की दर सेकंदाला आकड्यांची एक ओळ येते. पहिली ओळ सोडून द्यायची, कारण ती मशीन सुरू झाल्यापासूनची सरासरी असते. पुढच्या ओळींत आर हा रकाना प्रोसेसरवर चालू असलेली आणि त्यासाठी थांबलेली कामं दाखवतो, बी हा बहुधा डिस्कमुळे अडकलेली. एसआय आणि एसओ हे दोन रकाने सर्वांत महत्त्वाचे. रॅम पुरत नाही म्हणून सिस्टिम काही भाग डिस्कवर नेऊन ठेवते आणि लागला की परत आणते, त्याची ही ये-जा. हे दोन्ही सतत शून्य असतील तर रॅम वाढवून उपयोग नाही. सतत मोठे आकडे हलत असतील तर मात्र रॅम खरंच कमी आहे, किंवा कुणीतरी ती उधळतंय.

ही ये-जा इतकी जीवघेणी का ठरते? रॅममधून एखादी गोष्ट आणायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात, फिरत्या हार्ड डिस्कवरून आणायला साधारण १० मिलिसेकंद. दोन्हींत एक लाख पटीचा फरक आहे.

याच कमांडमध्ये शेवटी प्रोसेसरच्या वेळेची टक्केवारी असते. यूएस म्हणजे प्रोग्रामचं स्वतःचं काम, एसवाय म्हणजे सिस्टिमचं, आयडी म्हणजे मोकळा वेळ, डब्ल्यूए म्हणजे डिस्कची वाट बघण्यात गेलेला वेळ. आणि एसटी. महामंडळाच्या लाल गाडीशी याचा संबंध नाही. क्लाउडवर भाड्यानं घेतलेल्या मशीनमध्ये, तुमच्या वाट्याचा प्रोसेसर शेजारच्या भाडेकरूला गेला तर तो वेळ इथे दिसतो. हा आकडा मोठा असेल तर तुमच्या प्रोग्राममध्ये कितीही सुधारणा करा, फारसा फरक पडणार नाही. तक्रार क्लाउड कंपनीकडेच करावी लागेल.

कोणता प्रोग्राम किती खातोय हे बघायला टॉप आहे. विल्यम लेफेव्हर यांनी १९८४ मध्ये लिहिलेल्या याच नावाच्या प्रोग्रामपासून ही परंपरा सुरू झाली आणि आजही बहुतेकांचं पहिलं बोट टॉपवरच जातं. त्यात एखाद्या प्रोग्रामपुढे ३५० टक्के दिसलं तर ती चूक नाही. तो साडेतीन कोअर वापरतोय.

डिस्कवर ओरडलं तर काय होतं?

डिस्कसाठी आयओस्टॅट. ‘आयओस्टॅट हायफन एक्स १’ असं लिहायचं. सिसस्टॅट नावाचं पॅकेज बसवलं की ती मिळते. वाचण्याची आणि लिहिण्याची प्रत्येक मागणी किती मिलिसेकंदांत पूर्ण झाली हे अवेट नावाच्या रकान्यांत दिसतं. चांगली एसएसडी १ मिलिसेकंदाच्या आत-बाहेर उत्तर देते. फिरत्या डिस्कला १० ठीक, पण २००-३०० दिसायला लागलं तर तिच्यापुढे रांग लागली आहे किंवा ती आजारी आहे. मिनिटाला ७,२०० फेऱ्या घेणाऱ्या डिस्कची एक फेरी ८.३ मिलिसेकंदांची असते, त्यामुळे विखुरलेल्या जागी लिहिणं-वाचणं असेल तर ती सेकंदाला शंभराच्या आसपासच मागण्या पुऱ्या करू शकते. पाच-सात वर्षं जुन्या मशीनमध्ये नवा प्रोसेसर शोधण्यापेक्षा डिस्क बदलून एसएसडी टाकली की ते ‘नव्यासारखं’ होतं, त्याचं कारण हे.

यावरचा एक व्हिडिओ बघण्यासारखा आहे. २००८ च्या शेवटच्या दिवशी ब्रेंडन ग्रेग यांनी डेटा सेंटरमध्ये चालू असलेल्या डिस्कच्या कपाटासमोर उभं राहून जोरात आरोळी ठोकली. मोजमापाच्या आलेखात त्याच क्षणी डिस्कचा वेळ उसळलेला दिसतो. आवाजाच्या कंपनानं डिस्कची सुई डळमळते आणि तिला पुन्हा प्रयत्न करावा लागतो. मोजणारं साधन चालू नसतं तर हे कुणाला पटलं असतं?

एका एकरात ४० पिक्सेल

आता बारामतीच्या उसाकडे. उपग्रहाच्या छायाचित्रावरून पिकाचा हिरवेपणा मोजायची एनडीव्हीआय ही पद्धत कृषी आणि आयटी शिकणाऱ्या मुलांच्या प्रोजेक्टमध्ये हमखास भेटते. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची छायाचित्रं मोफत मिळतात. त्यांतला एक पिक्सेल म्हणजे जमिनीवरचा १० बाय १० मीटरचा तुकडा, म्हणजे एकरभर ऊस साधारण ४० पिक्सेलमध्ये बसतो. जवळच्या अवरक्त आणि लाल प्रकाशाचे आकडे घ्यायचे, त्यांच्या वजाबाकीला त्यांच्या बेरजेनं भागायचं. सूत्र एका ओळीचं आहे.

तरीही समजा ४ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर हा प्रोग्राम तासभर चालतो आणि लॅपटॉप इतका थिजतो की माउसही हलत नाही. दोष कुणाचा?

हिशेब करून बघू. छायाचित्र चौकोनी टाइलमध्ये येतं. एका बाजूला १०,९८० पिक्सेल, म्हणजे एका रंगात १२ कोटींहून जास्त पिक्सेल. मूळ फाइलमध्ये प्रत्येक पिक्सेलला २ बाइट लागतात, म्हणजे एक रंग साधारण २४ कोटी बाइटचा. इथवर ठीक. पण पायथनमध्ये भागाकारासाठी हे आकडे दशांशात बदलले जातात आणि सवयीनं लिहिलेल्या कोडमध्ये ते प्रत्येकी ८ बाइटचे होतात. एका रंगाचे ९६ कोटी बाइट. लाल, अवरक्त, त्यांची वजाबाकी, बेरीज आणि उत्तर असे पाच थर एकाच वेळी रॅममध्ये राहिले तर ४.८ जीबी. रॅम ४ जीबी.

टॉप लावला तर प्रोसेसर जवळपास रिकामा दिसेल. इथे बहुतेक जण गोंधळतात: प्रोसेसर मोकळा आहे, मग अडलंय काय? व्हीएमस्टॅट लावलं की एसआय आणि एसओ हलताना दिसतात, बी वाढलेला दिसतो, डब्ल्यूए फुगलेला. लॅपटॉप आकडेमोड करतच नाहीये. तो रॅममधलं सामान डिस्कवर टाकतोय आणि परत आणतोय. उपाय दोन, आणि दोन्ही फुकट. ८ ऐवजी ४ बाइटचे दशांश वापरले की गरज निम्म्यावर येते. त्याहून सोपं म्हणजे हवा तेवढाच तुकडा कापून घेणं. पूर्ण टाइल १२,००० चौरस किलोमीटरची असते, पुणे जिल्ह्याच्या तीन चतुर्थांशाहून थोडी मोठी. प्रोजेक्ट सणसरच्या चार शेतांचा असेल तर पुरंदरचे डोंगर मोजायचं कारण काय?

मेमरीचा प्रश्न सुटला तरी प्रोग्राम अजून हळू असू शकतो. आता पाळी टाइम या कमांडची. प्रोग्रामच्या नावाआधी टाइम लिहायचं. काम संपल्यावर तीन आकडे मिळतात: घड्याळात गेलेला वेळ, प्रोग्रामनं प्रोसेसरवर घालवलेला वेळ आणि सिस्टिमनं त्याच्यासाठी घालवलेला. घड्याळात ४० सेकंद आणि प्रोसेसरवर २ सेकंद, तर उरलेला वेळ कशाची तरी वाट बघण्यात गेला, डिस्कची नाहीतर नेटची. घड्याळात ४० आणि प्रोसेसरवर ३९, तर दोष कोडमध्ये शोधायचा. एवढी साधी कमांड इतकं सांगून जाते, आणि तीच सर्वांत कमी वापरली जाते.

कोडच्या आत डोकावणं

प्रोग्रामचा वेळ नेमका कुठल्या भागात जातो हे मोजण्याला प्रोफायलिंग म्हणतात. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनुथ यांनी १९७१ मध्ये फोरट्रान भाषेतले प्रोग्राम तपासले, तेव्हा प्रोग्रामच्या ४ टक्क्यांहून कमी भागात सहसा निम्म्याहून जास्त वेळ जातो असं दिसलं. तो ४ टक्क्यांचा भाग कुठला हे डोळ्यांनी कोड वाचून ओळखणं अनुभवी माणसालाही जमत नाही.

पायथनसाठी सीप्रोफाइल हे साधन भाषेसोबतच येतं. वरच्या प्रोजेक्टमध्ये जर १२ कोटी पिक्सेलवर एकेक करून लूप फिरवला असेल, तर सीप्रोफाइलच्या यादीत ते फंक्शन सर्वांत वर येईल. तेच काम नमपायच्या एका ओळीत पूर्ण रांगेवर एकदम केलं की वेळेत कितीतरी पटीनं फरक पडतो.

सी किंवा सी प्लस प्लसमधल्या प्रोग्रामसाठी, किंवा आख्ख्या सिस्टिमसाठी, लिनक्सचं स्वतःचं साधन आहे पर्फ. २००९ पासून ते लिनक्सच्या गाभ्यासोबतच येतं. ते प्रत्येक गोष्ट नोंदवत बसत नाही, अधूनमधून डोकावतं. उसाच्या फडावर मुकादमानं दिवसातून शंभर वेळा अचानक डोकावलं आणि सत्तर वेळा टोळी मोळ्या बांधतानाच दिसली, तर दिवसाचा सत्तर टक्के वेळ मोळ्या बांधण्यात जातोय हे उघड आहे. सावलीसारखं मागे फिरायची गरज नाही. ‘पर्फ रेकॉर्ड’ नोंदी घेतं, ‘पर्फ रिपोर्ट’ त्या दाखवतं. सेकंदाला ९९ वेळा डोकावायला सांगून ३० सेकंद चालवलं तर एका पूर्ण व्यग्र कोअरवर सुमारे २,९७० नोंदी मिळतात.

१०० का नाही, ९९ का? कॉम्प्युटरमधली अनेक कामं ठरावीक ठोक्यावर होतात. तुमचं डोकावणं त्याच ठोक्यावर पडलं तर चित्र खोटं येतं. रोज बरोबर एक वाजता फडावर गेलात तर टोळी कायम जेवतानाच दिसणार.

या नोंदींची यादी लांबलचक होते म्हणून ग्रेग यांनी २०११ मध्ये फ्लेम ग्राफ नावाचं चित्र काढलं. एकावर एक रचलेल्या आडव्या पट्ट्या. जितकी पट्टी रुंद तितका त्या फंक्शनमध्ये गेलेला वेळ जास्त. रंगांना सहसा अर्थ नसतो आणि डावीकडून उजवीकडे वेळ पुढे सरकत नाही, हे लक्षात ठेवलं की चित्र वाचता येतं.

पुणे जिल्ह्यातच याचं दुसरं टोक आहे. जुन्नर तालुक्यात खोडदला जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे, आणि तिच्या कामासाठी २०२४ मध्ये परम रुद्र महासंगणक देशाला अर्पण झाला. २०१७ च्या नोव्हेंबरपासून जगातले पहिले ५०० महासंगणक सगळे लिनक्सवर चालतात, त्यामुळे तिथले इंजिनिअर आणि बारामतीच्या कॉलेजच्या लॅबमधला विद्यार्थी मुळात एकाच जातीची साधनं वापरतात.

एसट्रेस नावाचं आणखी एक लोकप्रिय साधन आहे. प्रोग्राम सिस्टिमकडे काय काय मागतो हे ते एकेक करून दाखवतं. चालत नसलेल्या प्रोग्रामचं कोडं सोडवायला उत्तम, पण प्रत्येक मागणीला ते प्रोग्राम थांबवतं, त्यामुळे लोक वापरत असलेल्या सर्व्हरवर ते लावलं तर स्लो सर्व्हर आणखी स्लो होतो. आणि कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली, सुडोनं सुरू होणारी कमांड अर्थ न समजता चालवू नये. या लेखातल्या कमांड फक्त बघतात, बदलत काही नाहीत.

टेलला पाणी का येत नाही?

आता पुन्हा केंद्रावर. तिथला प्रश्न बहुतेक वेळा नेटवर्कचा असतो आणि नेटवर्क समजायला इंदापूरइतकी चांगली जागा नाही. वीरपासून निघणारा नीरा डावा कालवा १८८५ पासून बारामती-इंदापूरला पाणी देतोय. वर विसर्ग पूर्ण असतो आणि टेलच्या शेतकऱ्याची चारी तरी कोरडी. वरच्या दारात मोजून टेलचं उत्तर मिळत नाही. पाणी मध्ये कुठे अडलं किंवा मुरलं हे टप्प्याटप्प्यानंच बघावं लागतं.

नेटचंही तसंच. पहिला टप्पा तुमचा स्वतःचा राउटर. पिंग या कमांडनं त्याला हाक मारायची. वायफायवरूनही उत्तर काही मिलिसेकंदांत यायला हवं. इथेच १०० लागत असतील किंवा उत्तरं गळत असतील तर सरकारी सर्व्हरला दोष देण्यात अर्थ नाही; वायर, वायफाय नाहीतर राउटर बघा. पुढचा टप्पा बाहेरचा एखादा ओळखीचा पत्ता. बारामती ते मुंबई अंतर अडीचशे किलोमीटर धरलं आणि काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो हे धरलं, तर जाऊन-येऊन अडीच मिलिसेकंद होतात. उपकरणांचा आणि वळणांचा वेळ वाढवून वीस-तीस धरा. मुंबईतल्या सर्व्हरला ३०० लागले तर ते अंतरामुळे नाहीत.

मधले टप्पे एमटीआर दाखवतं. त्यात एक फसगत होते. मधल्या एखाद्या टप्प्यावर ५० टक्के गळती दिसते, पण शेवटच्या टप्प्यावर शून्य. याचा अर्थ तो मधला राउटर तुमच्या हाकेला उत्तर देणं टाळतोय, एवढाच. तसंच अनेक वेबसाइट सुरक्षेसाठी पिंगला उत्तरच देत नाहीत. उत्तर नाही म्हणजे सर्व्हर बंद, असं नाही.

त्यामुळे शेवटचा पुरावा कर्लचा. हायफन डब्ल्यू हा पर्याय लावून वेबसाइट उघडली की तो वेळेची फोड करून देतो: नाव शोधायला किती, जोडणी व्हायला किती, पहिला बाइट यायला किती. जोडणी ४० मिलिसेकंदांत झाली आणि पहिला बाइट यायला २० सेकंद लागले, तर तुमची लाइन ठीक आहे आणि वेळ पलीकडच्या सर्व्हरमध्ये जातोय. जोडणीलाच ८ सेकंद लागत असतील तर मधल्या वाटेवर किंवा तुमच्याकडेच घोळ असण्याची शक्यता जास्त. ‘स्लो आहे’ या तक्रारीपेक्षा तारीख, वेळ आणि हे आकडे लिहिलेली तक्रार टाळणं कुणालाही अवघड जातं.

केंद्रांवर बहुतेक मशीन विंडोजची असतात. तिथे पिंग तेच, मधले टप्पे दाखवायला ट्रेसर्ट, चालू प्रोग्रामच्या यादीसाठी टास्कलिस्ट आणि पॉवरशेलमध्ये गेट-काउंटर. कर्ल तर २०१८ पासून विंडोज १० मध्येच येतं. विंडोजच्या आत लिनक्स चालवणाऱ्यांनी मात्र एक ध्यानात ठेवावं: तिथलं व्हीएमस्टॅट त्या आतल्या लिनक्सचे आकडे दाखवतं, पूर्ण लॅपटॉपचे नाहीत.

राहिला प्रश्न त्या तक्रारीचा, जी तंत्रज्ञ आला की गायब होते. सोमवारी सकाळी अकराला सगळं थिजलेलं असतं आणि तो संध्याकाळी चारला येतो तेव्हा मशीन सुसाट. यासाठी सार आहे, स्पेलिंग एस, ए, आर. सिसस्टॅट पॅकेजमध्येच ते मिळतं आणि साधारण दर १० मिनिटांनी सगळ्या आकड्यांची नोंद करून ठेवतं. उबंटूवर मात्र ते आपोआप सुरू नसेल तर सेटिंगच्या फाइलमध्ये एनेबल्ड या शब्दापुढे ट्रू लिहून सुरू करावं लागतं. एकदा सुरू केलं की सार हायफन क्यू रांगेचा, हायफन आर मेमरीचा आणि हायफन डी डिस्कचा इतिहास देतं. मग सोमवारच्या अकराचे आकडे मंगळवारच्या अकराशेजारी ठेवून बघता येतात, आणि तंत्रज्ञ चारला आला तरी चालतं.